सावडीचं वाचन

आप्पांचा डबा भरलेला परत आला की त्या दिवशी काम मिळालेलं नाही, हे घरात कुणाला सांगावं लागायचं नाही. आई डबा हातात घ्यायची, वजनावरून ओळखायची, आणि त्यातली पोळीभाजी तिघांच्या ताटात वाढायची. सकाळी केलेल्या त्या पोळ्या डब्यातल्या वाफेनं ओलसर झालेल्या असायच्या. मला त्या आवडायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन. आप्पा भर दुपारी घरी आले याचा मला आनंद व्हायचा. त्या आनंदाची लाज वाटायला पुष्कळ वर्षं जावी लागली.

आम्ही मूळचे खानदेशातले. वडिलांना मी आप्पा म्हणायची. लग्न झाल्यावर ते बडोद्याला आले, ते कोयलीच्या रिफायनरीत काम मिळेल या आशेनं. गावातला एक जण तिकडे कायम झाला होता, त्याचं बघून. पण कायम व्हायला निदान दहावी लागायची, आणि आप्पा शाळेत कधी गेलेच नव्हते. मग पाणीगेटला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि आप्पा जवळच्या कडियानाक्यावर उभे राहू लागले. सकाळी सातला तिथं गवंडी, रंगारी, बिगारी उभे असतात. कंत्राटदार स्कूटरवरून येतो, बोट दाखवतो, ज्याच्याकडे बोट गेलं तो निघतो. गवंड्याच्या हातात थापी असते, रंगाऱ्याच्या हातात ब्रश असतो. बिगाऱ्याच्या हातात नुसता डबा. त्यात आप्पा अंगानं बारीक. त्यांच्याकडे बोट वळायचं ते सगळ्यांच्या शेवटी, नाहीतर वळायचंच नाही.

या घरात एक पोथी होती. गावाहून आणलेली, आजोबांची. आजोबांनाही वाचता येत नव्हतं. गावात श्रावणात एक जण देवळात वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. बडोद्यात आमच्या ओळखीत मराठी वाचणारं कुणी नव्हतं, त्यामुळे ती लाल फडक्यात बांधून फळीवर ठेवलेली. मी रावपुऱ्यातल्या मराठी शाळेत चौथीला गेले, त्या श्रावणात आप्पांनी ती खाली काढली.

"बघ माय, लागतंय का तुला वाचायला?"

लागत होतं. अडखळत का होईना, लागत होतं. आप्पांनी मला पाटावर बसवलं आणि स्वतः समोर जमिनीवर बसले. वाचणारा वर, ऐकणारा खाली, ही त्यांच्या गावची रीत. मला कसंतरीच झालं. मी उतरायला लागले तर म्हणाले, "बस तिथंच. तुझ्यासाठी नाही, वाचण्यासाठी आहे तो पाट."

तेव्हापासून दर श्रावणात मी रोज संध्याकाळी एक अध्याय वाचायची. आप्पा कामावरून येऊन आंघोळ करायचे, धुतलेला शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घालायचे. अध्याय संपला की पानावर एक लहानसं फूल छापलेलं होतं. त्या फुलावर आप्पा बोट ठेवायचे आणि मग पोथी बंद करायचे. साऱ्या छापील जगातलं तेवढं एक चिन्ह त्यांना वाचता येत होतं. नाक्यावर ते सांगायचे, "आमची पोरगी पोथी वाचते." कुणीतरी म्हणायचं, "अन् तुम्ही?" त्यावर आप्पा म्हणायचे, "मी ऐकतो. ते काम कमी आहे का?"

मी बारावी झाले आणि कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात, आईकडच्या आणि वडलांकडच्या दोन्ही, कॉलेजात जाणारी मी पहिली. हे सांगताना आजही माझी मान ताठ होते, आणि ती मी वाकवत नाही. त्या तीन वर्षांत आप्पांचा डबा एकदाही भरलेला परत आला नाही. संध्याकाळी सहाला रिकामा डबा घेऊन यायचे. आई म्हणायची, "तुझ्या कॉलेजचा पायगुण बरं. रोज काम लागतंय."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आई गेली. पोटाचं दुखणं होतं, कळलं तोवर उशीर झाला होता. दीड महिना ती दवाखान्यात होती. तिथल्या वॉर्डात एक गुजराती ख्रिस्ती सिस्टर होत्या. एका दुपारी मी कॉलेजातून थेट तिथं गेले, तर त्या आईचे केस धूत होत्या. पलंगाच्या कडेला बादली, आईचं डोकं त्यांच्या तळहातावर, आणि त्या जटा झालेल्या केसांतून हळूहळू बोटं फिरवत होत्या. हे त्यांचं काम नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आई रात्रीपासून म्हणतायत, डोकं खाजतंय. म्हणून." एवढंच. येशूचं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही. आई गेल्यावर, मीच त्यांना शोधत गेले तेव्हा घेतलं.

पुढचं सगळं मी लांबवत नाही. मी त्यांच्याबरोबर रविवारी प्रार्थनेला जायला लागले. एका घराच्या हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं जमायची, मराठी-गुजराती मिसळून गायची. पहिल्या दिवशी मी दारातल्या चपलांजवळ बसले आणि रडले, आणि कुणी मला का म्हणून विचारलं नाही. वर्षभर मी वाचलं, विचारलं, भांडले. मग बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी सरकारी कचेरीत जो अर्ज द्यायचा तो स्वतःच्या हातानं लिहून दिला. मला कुणी फसवलं नाही, कुणी काही दिलं नाही. मला जे मिळालं ते मला ठाऊक आहे, आणि ते कुणाला पटावं म्हणून मी हे लिहीत नाही.

पण मी जे केलं तेही लिहायला हवं.

बाप्तिस्म्यानंतर तीनच आठवड्यांत श्रावण लागला. संध्याकाळी मी शिकवणीहून आले, तर आप्पा आंघोळ करून, शर्टाची बटणं लावून, जमिनीवर बसलेले. समोर पाट, पाटापुढे पोथी, निरांजन लावलेलं. आई गेल्यानंतर पोथी आज पहिल्यांदाच निघाली होती, कारण आधीचा श्रावण सुतकाच्या उदासीत तसाच गेला होता.

"आप्पा, मी हे आता वाचणार नाही."

"घसा बसलाय का?"

"नाही. मी आता येशूची झालेय. तुम्हाला सांगितलं होतं मी."

त्यांना मी रविवारी जाते हे माहीत होतं. सिस्टरनी आईचं केलं, त्या उपकारापोटी पोरगी जाते, असं ते धरून चालले होते.  त्यांनी पोथी लाल फडक्यात ठेवली, चारी टोकं जुळवली, गाठ मारली. गाठ नीट बसेना म्हणून सोडून परत मारली.

"बरं," म्हणाले.

मी कर्तव्य केलं असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत तसेच बसले. पाट रिकामा. पोथी उघडली आणि एकेक पान सावकाश उलटत गेले. मी जेवढा वेळ एका पानाला घ्यायची, साधारण तेवढ्याच वेळानं पान उलटायचे. फूल आलं की त्यावर बोट ठेवायचे आणि बंद करायचे. महिनाभर. आतल्या खोलीत मी माझं शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून बसायची, आणि मला त्यातली एक ओळ समजायची नाही, बाहेरच्या पानांच्या आवाजामुळे. तरी मी उठून बाहेर गेले नाही.

त्यानंतरची बारा वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो. मी शाळेत शिक्षिका झाले. आप्पांचं नाक्यावर जाणं हळूहळू बंद झालं, सिमेंटच्या धुळीनं छाती धरली होती. माझी एकच तळमळ होती, की आप्पांनी हे ऐकावं. मला जे मिळालं ते त्यांना न मिळता ते जाऊ नयेत. आणि त्या तळमळीपोटी मी त्यांना कधी धड बसू दिलं नाही. जेवताना सांगायची. फळीवर पत्रकं ठेवायची, वाचता न येणाऱ्या माणसाच्या फळीवर. देवाला हात जोडताना दिसले की म्हणायची, "आप्पा, जरा विचार करा ना, ही मूर्ती कुणी घडवली?" मी बी. ए., बी. एड. होते. वर्गात चाळीस मुलांना समजावते, घरातल्या एका माणसाला समजावू शकत नाही म्हणजे काय, असं माझं चाललेलं.

आप्पा बहुतेक वेळा ऐकून घ्यायचे. क्वचित टोमणा मारायचे. मी लग्न केलं नव्हतं. जातीतलं स्थळ आता येणार नव्हतं, आणि दुसरं मी बघितलं नाही. एकदा गावाहून आत्या आली होती. तिनं विचारलं, "हिचं कुठं जमवताय की नाही?" आप्पा म्हणाले, "तिचं जमलंय. आपल्यालाच पत्रिका आली नाही."

एकदा मात्र बोलले. मी त्यांना तारण, म्हणजे येशूमुळे मिळणारी मुक्ती, काय असते ते सांगत होते, एक-दोन-तीन असे मुद्दे काढून. ते चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "एक विचारू? तुझ्या देवाकडे वाचता येणारेच लागतात का?"

"असं कुठं म्हणाले मी, आप्पा?"

"म्हणाली नाहीस. पण जेव्हा बघावं तेव्हा पुस्तक घेऊन मला समजावतेस. तो पुस्तकात असेल तर माझ्या काय कामाचा? पुस्तक तर तू बंद केलंस."

 त्या दिवसापासून मी येशूबद्दल बोलायचं बंद केलं. गप्प बसणं म्हणजे सौम्यपणा नव्हे. मी रुसले होते.

मग तो गुरुवार आला. श्रावणच होता. शाळेत काही कारणानं तास लवकर सुटले आणि मी चारलाच घरी आले. जिन्यातच मला आवाज ऐकू आला. आमच्या घरमालकीण मासी, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, सत्तरीच्या, आमच्या पाटावर बसल्या होत्या. मांडीवर पोथी. मासी गुजराती शाळेत चार इयत्ता शिकलेल्या. अक्षर जुळवून जुळवून वाचत होत्या आणि मराठी ओवीचा पार भुगा करत होत्या. शब्द कुठं तुटतो ते त्यांना कळत नव्हतं. एका ओळीला तीनदा थांबायच्या आणि म्हणायच्या, "आ शुं लख्युं छे, राम जाणे," हे काय लिहिलंय ते रामालाच ठाऊक. समोर जमिनीवर आप्पा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मान हलवत म्हणत होते, "हां. बराबर. चालू द्या."

बरोबर काहीच नव्हतं. त्यांना पोथी अर्धी तोंडपाठ होती, चुकतंय ते त्यांना कळत होतं. तरी मान हलवत होते.

मासींनी मला दारात बघितलं. "केम, आज वहेली आवी?" आज लवकर कशी, म्हणून विचारलं आणि लगेच पोथी माझ्यापुढे धरली. "ले बेन, तू वांच. माझे तर डोळे फुटले. तीन वरसथी तारा बापूला हेच वाचून दाखवते, त्याला काय समजते ते त्यालाच माहीत."

तीन वर्षं. मी शाळेत असताना, चार ते पाच. मी यायच्या आत पोथी फडक्यात, फळीवर.

आप्पा जमिनीकडे बघत होते. चोरी पकडली गेल्यासारखे. स्वतःच्या घरात, स्वतःची पोथी ऐकताना.

मी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि मासींच्या हातातून पोथी घेतली. पाटावर बसले नाही. आप्पांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"आप्पा, मी वाचते. पण मी हात जोडणार नाही. माझा देव बदललेला नाही, ते मी लपवणार नाही."

"मी तुला हात जोड म्हटलं?" ते म्हणाले. "वाच म्हणत होतो. बारा वर्षांपूर्वीही तेवढंच म्हणत होतो."

मी वाचलं. मासी कौतुकानं ऐकत बसल्या आणि मधेच म्हणाल्या, "अरे, आ तो सारी वात छे, चांगली गोष्ट आहे ही. मी वाचायची तेव्हा इतकी चांगली नव्हती." आप्पा हसले. किती वर्षांनी त्यांचे दात दिसले. अध्याय संपला, फूल आलं. त्यांचं बोट मी धरून फुलावर ठेवलं.

रविवारी मी हे आमच्या मंडळींत सांगितलं. काहींना आवडलं नाही. एका बाईंनी तोंडावर सांगितलं की तू दोन दगडांवर पाय ठेवतेयस. मी त्यांचं ऐकून घेतलं, त्यांची तळमळ खोटी नव्हती. सिस्टर तोवर निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरून बसायच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईचे केस धुताना मी काय विचारलं होतं का, की तुमचा देव कोणता?"

त्याच आठवड्यात आप्पांनी सावडीची गोष्ट काढली. त्यांच्या गावात ज्याच्याकडे एकच बैल असायचा, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायचा. आज दोघं मिळून तुझं रान, उद्या दोघं मिळून माझं. सावड घेतली की फेडायची. न फेडणाऱ्याच्या रानात पुढच्या खेपेला कुणी उतरत नाही.

"तू माझं वाचतेस," आप्पा म्हणाले. "मग सावड फेडायला नको? शनिवारी तुझी अर्धी शाळा असते. त्या दिवशी तुझं वाच. मी ऐकतो."

मी बारा वर्षं याची वाट बघत होते. आणि ते असं, हिशोबी आवाजात आलं, जसं काही फावडं परत करायचं राहिलं होतं.

"पण समजवायचं नाही," ते पुढे म्हणाले. "वाचायचं. पोथीला तू समजावतेस का?"

शनिवारी ते आंघोळ करून, बटणं लावून बसले. माझ्या पुस्तकासाठीही पाट मांडला. मी घाईत नव्या कराराच्या, म्हणजे येशूच्या भागाच्या, पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि तिथं तर नुसती पिढ्यांची नावं. पाच मिनिटं त्यांनी ऐकलं. "हे काय, तलाठ्याकडे आलोय का आपण? ही वंशावळ कुणाच्या नावावर चढवायचीय?" मी हसले आणि मग मलाच ओशाळं वाटलं. पण संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. शेवटी म्हणाले, "फूल कुठाय?"

माझ्या पुस्तकात फूल छापलेलं नव्हतं. मी पर्समधून पेन काढलं आणि अध्यायाच्या शेवटी एक लहान फूल काढलं, पाच पाकळ्यांचं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या शनिवारी मी शास्त्रातलंच एक पत्र वाचलं, सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेलं, माझं फार आवडतं. आप्पा पेंगले. "ऑफिसातून आल्यासारखं वाटतं," म्हणाले. पण फूल काढून घेतलं.

तिसऱ्या शनिवारी मी गोष्ट निवडली. मळ्याच्या मालकाची. मालक सकाळी नाक्यावर जातो, मजूर घेऊन येतो. मग परत जातो, परत घेऊन येतो. शेवटी संध्याकाळी पाचला जातो, तर अजून काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथं का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कुणी नेलंच नाही.

"थांब," आप्पा म्हणाले.

मी थांबले.

"पाचपर्यंत उभे होते?"

"हो."

"आणि त्यानं विचारलं, की का उभे आहात?"

"हो, आप्पा."

"परत वाच."

मी परत वाचलं. पुढचंही वाचलं, की मालकानं त्यांनाही बाकीच्यांइतकंच दिलं आणि सकाळपासून राबलेले चिडले. यावर आप्पा नाक्यावरच्या माणसासारखे भांडले. सकाळच्यांचं बरोबर आहे, म्हणाले, असं कुठं असतं का, उद्या कोण सातला येईल त्याच्याकडे. मी समजावलं नाही. कबूल केलं होतं. ते बराच वेळ भांडले आणि मग थकले. छातीतून बारीक शीळ वाजत होती.

मग म्हणाले, "तू कॉलेजात होतीस ना. तेव्हा मला रोज काम नव्हतं मिळत."

मला समजलं नाही. "पण डबा तर रिकामा यायचा."

"डबा मी खायचो. अकरा वाजले की नाका मोकळा व्हायचा. मग सुरसागर तळ्याच्या पाळीवर जाऊन बसायचो. तिथंच खायचो. डबा भरलेला घरी नेला असता तर तू कॉलेज सोडलं असतंस. तू तशीच होतीस. तुझ्या आईला सांगायचो, कंत्राटदारानं पैसे अडकवलेत." त्यांनी श्वास घेतला. "पाच वाजले की उठायचो. घरी यायला बरोबर सहा. तिथं कुणी कधी विचारलं नाही, की इथं दिवसभर का बसलाय."

आई ज्याला पायगुण म्हणायची तो हा होता. माझ्या पदवीच्या तीन वर्षांतल्या किती दुपारी त्या तळ्याच्या पाळीवर गेल्या, ते मी विचारलं नाही. मला विचारवलं नाही. मी आतापर्यंत सगळ्यांना सांगत आले होते की मी स्वतःच्या हिमतीवर शिकले.

त्यांनीच बोट पुढं केलं. मी फूल काढलं. ते नीट आलं नाही, त्याच्या पाकळ्या एकात एक गेल्या आहेत.

त्यानंतर आम्हाला आणखी दोन श्रावण मिळाले. आठवडाभर त्यांची पोथी, शनिवारी माझं शास्त्र. कधी मासीही येऊन बसायच्या, दोन्हीला. आप्पा प्रश्न विचारायचे, बरेचदा मला उत्तर यायचं नाही आणि मी तसं सांगायची. "एवढी शिकून नाही येत?" असं म्हणायचे आणि त्यांना बरं वाटायचं. एकदा मी न राहवून म्हटलं, "आप्पा, तो मालक तुम्हालाही बोलावतोय, असं मला वाटतं."

ते रागावले नाहीत. "मला अजून हाक ऐकू आली नाही," म्हणाले. "आली तर तुला सांगीन. नाक्यावरचा माणूस आपण होऊन कुणाच्या कामावर जाऊन उभा राहत नाही. बोलावलं की जातो."

मी परत विचारलं नाही.

या हिवाळ्यात त्यांची छाती भरली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. नाकाला नळी. भेटायची वेळ दुपारी चार ते सहा. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "ते पाच वाजलेल्यांचं वाच." पुस्तक पर्समध्ये होतं. मी वाचलं. या खेपेला ते भांडले नाहीत. मी विचारलं, "आप्पा, तुमच्यासाठी प्रार्थना करू?"  म्हणाले, "कर. मोठ्यानं नको, शेजारचा पेशंट झोपलाय. आणि त्याला सांग, दम जरा कमी कर म्हणावं." मी त्यांचा हात धरला आणि हळू आवाजात तेवढंच मागितलं. दुसरं काही मागितलं नाही, तारणसुद्धा नाही. ते येशूवर सोडलं. आप्पांचे डोळे उघडे होते, माझ्याकडे बघत होते. मी आमेन म्हटलं, त्यावर त्यांनी मान हलवली, मासींच्या वाचण्याला हलवायचे तशी.

दोन दिवसांनी सकाळी ते गेले. आत्याचा मुलगा गावाहून आला, त्यानं अग्नी दिला. एका नातेवाइकानं मला बाजूला उभं राहायला सांगितलं, आता तू आमच्यातली नाहीस म्हणून. मी बाजूला उभी राहिले. भांडायची ती जागा नव्हती, आणि आप्पांना त्यांच्या रीतीनं जायचं होतं. ती रीत मोडण्याचा हक्क माझा एकदा वापरून झाला होता.

त्यांना हाक ऐकू आली का, मला माहीत नाही. आली तर सांगीन म्हणाले होते, त्यांनी सांगितलं नाही. कधी कधी दुपारी शाळेतून येताना मी सुरसागरावर उतरते आणि पाळीवर बसते. पाच वाजले की उठते.

पोथी माझ्याकडेच आहे, लाल फडक्यात, फळीवर, माझ्या शास्त्राच्या शेजारी. येत्या श्रावणात मासींनी विचारलं तर त्यांना वाचून दाखवीन. माझ्या शास्त्रात अकरा ठिकाणी पेननं काढलेली फुलं आहेत. आप्पांनी बाप्तिस्मा घेतला नाही. माझ्या पुस्तकातले अकरा अध्याय त्यांनी बसून, बटणं लावून, शेवटपर्यंत ऐकले.